सुकलालभाऊंचा ग्रीक दगड

आपल्याकडे पुढाऱ्याला रावण म्हटलं तर मार बसतो आणि राम म्हटलं तर आपल्यालाच लाज वाटते. शकुनी, कंस, दुर्योधन ही मंडळी शेंबड्या पोरालाही पाठ असतात. मग भित्र्या पण विचारी माणसाने पुढाऱ्यांबद्दल बोलायचं कसं? हा प्रश्न योगराज बाविस्करांना बरीच वर्षं छळत होता. बाविस्कर सर गुजराती मुलखात, लिंबायतमधल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवत. भित्रेपणा त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता आणि विचारीपणा वाचनातून, आणि दोघांना एका अंगात नांदवणं म्हणजे तारेवरची कसरत होती. अखेर शाळेच्या कपाटातून रद्दीत निघालेलं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं. त्यात ग्रीक लोकांची पुराणं होती. सरांचा प्रश्न सुटला.

तेव्हापासून संध्याकाळी बातम्या लागल्या की सर खुर्ची पुढे ओढून बसत आणि पडद्यावरच्या एकेका पुढाऱ्याचं ग्रीक बारसं करत.

"आज हे कोण?" सरांच्या पत्नी उज्ज्वलाताई भाकरी थापता थापता विचारत.

"प्रोटियस. समुद्रातला म्हातारा. धरायला गेलं की रूप बदलतो. घटकेत सिंह, घटकेत साप, घटकेत पाणी."

"हा तर मागच्या महिन्यात दुसऱ्या पक्षात होता."

"मग मी दुसरं काय सांगतोय?"

चौकाचौकात स्वतःचेच फलक लावून ते गाडीतून न्याहाळत जाणारा पुढारी पाण्यातल्या स्वतःच्याच रूपावर भाळलेला नार्सिसस झाला. कामरेजकडे एक पुढारी होता, तो ज्या शेताला हात लावील ते बिगरशेती होई. त्याला सरांनी हात लावील त्याचं सोनं करणारा मायडास केलं. या खेळाची मजा अशी, की सगळं मोठ्याने बोलता येई आणि कुणाला काही कळत नसे. खालच्या मजल्यावरचे हिलालअप्पा तर समजत, सरांना क्रिकेटमधल्या परदेशी खेळाडूंची फार माहिती आहे. हा निरुपद्रवी छंद असाच चालू राहिला असता आणि सर सुखाने निवृत्त झाले असते. पण दारात खड्डा होता.

तापीकृपा सोसायटी ही नावातच सोसायटी. प्रत्यक्षात ती खाडीवरच्या पुलाच्या पायथ्याशी सुरू होणारी एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीत बरोबर सरांच्या दारासमोर ड्रेनेजवाल्यांनी एक खड्डा खणला होता. ड्रेनेजवाले गेले आणि पाणीवाले आले. त्यांनी खड्डा आयताच मिळाला म्हणून आनंदाने आणखी खोल केला. मग गॅसवाल्यांनी येऊन आत डोकावून पाहिलं आणि मान हलवून तेही गेले. सरांनी मोबाइलवरून तक्रार केली. तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला, सोबत बुजवलेल्या खड्ड्याचा फोटोही आला. फोटोतला खड्डा दुसऱ्याच कुणाचा होता. सरांनी पदरचे पैसे घालून टेम्पोभर रोडा, म्हणजे विटा-दगडांचे तुकडे, टाकून घेतला, तर दुसऱ्या दिवशी माणसं येऊन तो उपसू लागली.

"अहो, मी बुजवलाय तो!" सर ओरडले.

"उपरथी ऑर्डर छे, साहेब," खोऱ्यावर रेलून एकाने वर आभाळाकडे बोट दाखवलं. वर कोण आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर सर गप्प बसले असते. गप्प बसणं त्यांना उत्तम जमे. पण त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं, धनश्रीचं, लग्न जुळायच्या बेतात आलं. मुलगा भूपेंद्र, भेस्तानला राहणारा, प्रिंटिंग मिलमध्ये सुपरवायझर. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती; इतकी, की पाहण्याचा कार्यक्रम हा निव्वळ मोठ्यांच्या समाधानासाठी होता. भूपेंद्रच्या आई सरलाबाई आल्या. खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून तोल सावरत येताना त्यांची नवी चप्पल खड्ड्यात गेली. पोहे त्यांनी खाल्ले, नावाजले. निघताना मात्र एका पायात चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या.

"मुलगी आमले पसंत शे, भाऊ. चप्पल गई ते गई. पण दारसमोर खड्डा ऱ्हायना तर त्या घरमाईन सून लई जावाले माले भ्याव वाटस. खड्डा बुजाडा, मंग मी येस."

विहीणबाईंनी अंगठी नाही मागितली, मानपान नाही मागितला. एक सपाट रस्ता मागितला. सरांना वाटलं, यापेक्षा अंगठी स्वस्त पडली असती. धनश्री त्या रात्री जेवली नाही, आणि हे भांडण्यापेक्षा वाईट होतं.

सल्ल्यांना आता बहर आला. वरच्या वत्सलामावशी म्हणाल्या, खड्ड्याच्या कडेला तुळस लावा, तुळशीला कुणी हात लावणार नाही. हिलालअप्पा पूर्वी लूमच्या कारखान्यात मुकादम होते आणि जगाकडे अजूनही मुकादमाच्या नजरेने बघत. त्यांनी सुचवलं, खड्ड्यावर लाल गालिचा अंथरावा. "आणि विहीणबाई आत गेल्या तर?" असं सरांनी विचारल्यावर अप्पा म्हणाले, "मंग नातं आखो घट्ट व्हई." शेवटी अप्पांनीच कामाची गोष्ट काढली.

"सर, तुम्ही शिकेल माणूस. सुकलालभाऊना वाढदिवस शे. समाजना हॉलमा सत्कार शे. तुम्ही दोन शब्द बोला. खड्डा आपोआप बुजाई जाई."

सुकलालभाऊ म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक. माणूस गोल, हसतमुख, घामाघूम. कुणीही काहीही मागितलं की भाऊ म्हणत, "थई जशे," म्हणजे होऊन जाईल. पाण्याची लाइन? थई जशे. दिवाबत्ती? थई जशे. एकदा एका म्हातारीने रडत सांगितलं की म्हातारा वारला, तर भाऊ सवयीने "थई जशे" म्हणून गेले होते. दिवसभर त्यांची स्कूटर वॉर्ड ऑफिस ते गल्ल्या अशा फेऱ्या मारी, आणि कामं मात्र जिथल्या तिथे असत. हा माणूस लबाड आहे की बिचारा, याचा निकाल सरांना कधी लावता आला नव्हता.

सर भाषणाच्या तयारीला बसले. प्रथम त्यांनी हर्क्युलस घेतला. त्याने म्हणे नदीच वळवून शेणाने भरलेला गोठा एका दिवसात साफ केला होता. पण लिहिता लिहिता खिडकीतून तुंबलेल्या गटाराचा वास आला आणि सरांची लेखणी थांबली. खोटं बोलायला सरांची तत्त्वतः हरकत नव्हती, फक्त वास येत असताना जमत नव्हतं. मग त्यांनी पानं चाळली आणि त्यांना शिसिफस भेटला.

हॉलमध्ये तोबा गर्दी होती. सरांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला.

"ग्रीक देशात शिसिफस नावाचा राजा होऊन गेला. देवांनी एका कामासाठी नेमका त्यालाच निवडला. काम काय? तर एक प्रचंड दगड डोंगरावर चढवायचा. दुसरा असता तर बसून राहिला असता. शिसिफस बसला नाही. रोज सकाळी तो दगडाला खांदा लावतो. हजारो वर्षं झाली, आजही लावतोय. सुट्टी नाही, निवृत्ती नाही, तक्रार नाही. आपल्या वॉर्डातली कामं पाहिली की मला तर दुसरं कुणी आठवतच नाही. सुकलालभाऊ म्हणजे लिंबायतचे शिसिफस आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दगड माथ्याजवळ पोचला की दर वेळी घरंगळून खाली येतो आणि हे काम म्हणजे देवांनी दिलेली शिक्षा आहे, एवढंच सरांनी गाळलं होतं. बाकी शब्दन् शब्द खरा होता. एवढी काटछाट पाठ्यपुस्तकातही चालते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सुकलालभाऊंनी स्टेजवरच मिठी मारली. त्यांच्या गळ्यातल्या हाराचा चुरा सरांच्या चष्म्यात गेला.

"सर, आजवर लोक मला कर्तव्यदक्ष म्हणाले, कर्तृत्ववान म्हणाले. दगड ढकलणारा कुणी म्हटलं नाही. बोला, काय पाहिजे?"

"दारातला खड्डा."

"थई जशे!"

आणि काय आश्चर्य, झालं! दोन दिवसांत खड्डा बुजला, वर डांबर पडलं. सर त्या काळ्या तुकड्यावर उगाचच चार वेळा चालून आले. सरलाबाईंना फोन गेला, साखरपुड्याचा मुहूर्त निघाला. धनश्री गाणं गुणगुणत कपड्यांना इस्त्री करू लागली. ग्रीक संस्कृतीचे मानवजातीवर किती उपकार आहेत, यावर सरांनी सातवीच्या वर्गात असा तास घेतला की पोरं घंटा झाल्यावरही उठली नाहीत. (झोपली होती, असं काहींचं म्हणणं आहे.)

त्याच आठवड्यात पाणीवाले आले आणि त्यांनी नेमकं तिथेच पुन्हा खणलं. व्हॉल्व्ह खाली राहिला होता.

सर तडक भाऊंच्या ऑफिसात गेले. बाहेर भला मोठा फलक लागला होता. भाऊ हात जोडून उभे, मागे कुठल्याशा सिमेंट कंपनीच्या जाहिरातीतून उचललेला डोंगर, वर अक्षरं: 'लिंबायतचे शिसिफस'. आत भाऊ आणखी मोठ्या आनंदात होते.

"सर, पुलाजवळच्या चौकाला नाव देतोय. शिसिफस चौक! मधोमध दगड. पोकळ नको म्हणालो, विरोधक म्हणतील हा पोकळ माणूस. लोखंडी जाळी, आत रोडा, वर सिमेंट. गणपतीचे देखावे करणाऱ्याला काम दिलंय. मिरवणुकीने आणायचा. तुमच्याकडे साखरपुडा कधी आहे?"

सरांनी तारीख सांगितली.

"वा! तोच मुहूर्त आमच्या गुरुजींनीही काढलाय. तुमचे पाहुणे, आमची गर्दी! खड्डा त्याआधी बुजवतो. शब्द."

सर नको म्हणायला पुढे सरसावले. पण भाऊंनी त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि पेढा तोंडात असताना माणसाला नकार देता येत नाही.

मग वॉर्डात ग्रीकांची साथच आली. महिला आघाडीच्या एक ताई आल्या, "आमलेबी एखादी ग्रीक बाई द्या." त्यांना सरांनी अथीना, म्हणजे बुद्धीची देवी, दिली आणि स्वतःच्या भित्रेपणाबद्दल स्वतःला माफ केलं. मग आले श्रीरंगभाऊ. हे माजी नगरसेवक. गेल्या तीन निवडणुकांत यांचं तिकीट हातातोंडाशी येऊन गेलं होतं. सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "तो जर शिसिफस, तर मी कोण?"

इथे सरांची जीभ घसरली. कलावंताला आवरता येत नाही, ते असं. "टँटलस," ते म्हणाले. "राजा माणूस. कायम गळ्याइतक्या पाण्यात उभा. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या."

"वा! म्हणजे समृद्धी!" श्रीरंगभाऊ खूश होऊन गेले. उज्ज्वलाताईंनी आतून येऊन विचारलं, "फळं त्याला मिळतात ना?"

"हात वर केला की फांदी वर जाते. खाली वाकला की पाणी खाली जातं."

"अहो, काय केलंत हे!" उज्ज्वलाताई मटकन बसल्या.

त्यांची भीती खरी ठरली. श्रीरंगभाऊंची सून इंग्रजी शाळेत शिकवायची. तिने मोबाइलवर दोन मिनिटांत सासऱ्यांचा टँटलस वाचून दाखवला आणि वर शिसिफसही वाचला. श्रीरंगभाऊ पुन्हा सरांकडे आले, पण या वेळी उभेच राहिले.

"सर, माझं काय ते मी नंतर बघीन. पण त्याची मजा मोठी आहे. शिक्षा झालेला कैदी, आणि त्याचा चौक! उद्घाटनाच्या दिवशी माइक मी घेणार आणि सगळी गोष्ट सांगणार. पूर्ण."

ते गेल्यावर सरांनी बोटांवर हिशेब मांडला. गोष्ट फुटली तर भाऊ भडकणार. भाऊ भडकले तर खड्डा जन्माचा राहणार. खड्डा राहिला तर सरलाबाई दारातूनच परत जाणार. धनश्रीच्या संसाराची नाव ग्रीक समुद्रात बुडणार होती, आणि बुडवणारा तिचा बाप होता. विनोद करायची एवढी खाज कशाला, असं त्यांना स्वतःला थोबाडावंसं वाटलं.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी शब्द पाळला. रोलर आला, खड्डा बुजला. वत्सलामावशींनी त्यावर रांगोळीसुद्धा काढली. सकाळी सर दूध आणायला बाहेर पडले तर रांगोळीच्या मधोमध दोन माणसं पहार घेऊन उभी. गल्लीच्या टोकापर्यंत पाणी चढत नव्हतं. दहा वाजेपर्यंत खड्डा पुन्हा पहिल्यासारखा झाला. माणसं चहा प्यायला गेली ती गेलीच.

"फळी टाका," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडू होतं.

फळी टाकली. तिच्यावर गालिचा टाकला. मांडव पडला होता, खुर्च्या लागल्या होत्या, जिलेबीचा घाणा सुरू होता. सर फेटा बांधून खड्ड्यापुढे अशा बेताने उभे राहिले, की तो झाकला जावा. त्यांचा बांधा पाहता हे अशक्य होतं. धनश्री साडी नेसून खिडकीत आली, तिने फळीकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

तिकडे पुलावर मिरवणूक आली होती. सरांना मांडवातून सगळं दिसत होतं. भाऊंनी ऐनवेळी टूम काढली: दगड टेम्पोतून उतरवायचा आणि पुलाच्या चढावर तो त्यांनी स्वतः ढकलत न्यायचा. व्हिडिओ काढायचा. दगड उतरवला. तो चांगला पुरुषभर उंच आणि गोल गरगरीत. भाऊंनी कुडत्याच्या बाह्या सारल्या आणि खांदा लावला. त्यांच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने वाकून, आठ-दहा कार्यकर्त्यांनी जोर लावला. दगड हलला. ढोल वाजायला लागला. इंचाइंचाने तो वर सरकू लागला. सर भान हरपून पाहत राहिले. जे त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं, ते लिंबायतच्या पुलावर भरदुपारी घडत होतं.

नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी कडेला येऊन थांबली. आणि नेमका त्याच वेळी दगड माथ्यावर पोचला.

माथ्यावर लोक होते. 'सुकलालभाऊ आगे बढो' असा गजर झाला. आणि समोर लोक दिसले, गजर झाला, की पुढाऱ्याच्या हातून जे आपोआप होतं, ते भाऊंच्या हातून झालं. त्यांनी दोन्ही हात जोडले. नेत्याने हात जोडले की कार्यकर्त्याने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या. वर्षानुवर्षांची सवय. आठ-दहा जणांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

दगडाला कुणाचाच हात उरला नाही.

"सरका! सरका!" एकच ओरडा झाला. ढोलवाल्यांनी ढोलासकट उडी मारली. दगड उतारावरून सुटला तो सरळ गल्लीत शिरला. एक खुर्ची चिरडत, जिलेबीच्या घाण्याला वळसा घालून तो सरांच्या दिशेने आला. सर फेट्यासकट भिंतीला चिकटले आणि त्यांनी डोळे मिटले. फळी कडाडून मोडली. जमिनीतून धप्प असा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

सरांनी डोळे उघडले. खड्डा नव्हता. दगड त्यात पाचरीसारखा घट्ट बसला होता आणि त्याचा माथा तेवढा रस्त्यावर घुमटीसारखा वर आला होता. दोन्ही बाजूंनी चालण्यापुरती वाट होती.

पाहुण्यांना ओवाळायला वत्सलामावशी ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. ताटात हळद होती, कुंकू होतं. त्यांनी दगडाकडे पाहिलं. मावशींच्या गावी दगड असा आपल्या पायांनी आला तर त्याला कुठून आलास म्हणून विचारायची रीत नव्हती. त्या खाली उतरल्या आणि त्यांनी दगडावर हळदकुंकू वाहिलं.

"ओ माय! देव चालीसन दारशी उना!"

गाडीजवळ सरलाबाई थिजून उभ्या होत्या. त्यांनी मागच्या वेळी चप्पल गिळलेली ती जागा पाहिली. तिथे आता हळदकुंकू वाहिलेला देव होता. त्यांनी या वेळच्या चपला आपणहून काढल्या, पुढे आल्या, दगडावर डोकं टेकवलं आणि बाजूच्या वाटेने सरळ घरात शिरल्या. "सुनबाई कोठे शे?" हा त्यांचा आवाज आतून आला तेव्हा कुठे सर घाबरले. मघाशी त्यांना घाबरायला वेळच मिळाला नव्हता.

तेवढ्यात माइकचा खरखराट झाला. पुलावरून श्रीरंगभाऊंचा आवाज घुमला.

"बंधू-भगिनींनो, पाहिलंत? हीच गोष्ट आहे! दगड वर राहतच नाही! देवांनी शिक्षा केलेला माणूस आहे तो! शिक्षा! विचारा सरांना!"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सुकलालभाऊ धापा टाकत गल्लीतून येत होते. कुडता घामाने भिजलेला, खांद्यावर सिमेंटचा डाग. ते दगडापाशी थांबले.

"सर, तुमच्या गोष्टीत दगड खाली येतो?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. पण समोरच्या माणसाचा खांदा सोललेला होता. "येतो भाऊ," सर म्हणाले.

"मग?"

"मग तो परत वर नेतो."

"आणि परत खाली येतो?"

"रोज."

भाऊ मांडवातल्या खुर्चीवर बसले. कुणीतरी पाणी दिलं, ते प्यायले. "आणि खालचे लोक त्याला म्हणतात का, की हा काहीच काम करत नाही?"

"ग्रीकांनी तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहायला पाहिजे होतं." भाऊ दगडाकडे बघत होते. "सर, हा खड्डा मी बुजवला की ते खणतात. मी ऑफिसात जातो, पाया पडतो, रोलर आणतो, घरी जाऊन जेवतो, की फोन येतो, भाऊ, खड्डा झाला. मी बायकोला सांगितलं तर ती म्हणते, तुमचं कुणी ऐकत नाही. तुम्ही हॉलमध्ये बोललात ना, तेव्हा मला वाटलं, एका माणसाला तरी कळलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. सरांना एवढं ओशाळं आजवर कधी वाटलं नव्हतं. थट्टा म्हणून फेकलेली गोष्ट त्या माणसाने जशीच्या तशी अंगावर घेतली होती, आणि ती मापात बसली होती. सरांना त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढला आणि भाऊंच्या डोक्यावर ठेवला.

"चला आत. मुलीला आशीर्वाद द्या."

साखरपुडा दणक्यात झाला. श्रीरंगभाऊही पंगतीला बसले, पण त्यांच्यापर्यंत आलं की नेमकं जिलेबीचं ताट संपे. वाढपी नवं ताट आणी, ते दुसऱ्या टोकापासून सुरू होई. उज्ज्वलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि स्वतःच जिलेबी नेऊन वाढली. ग्रीक देव तेवढे कनवाळू नव्हते.

पुढच्या आठवड्यात पाणीवाले परत आले. दगडाला आता शेंदूर लागला होता, वर पत्र्याची छोटी छपरी होती, आणि शिसिफस हे नाव तोंडात बसेना म्हणून बायकांनी त्याचा शिसोबा केला होता. माणसांनी पहारी खाली ठेवल्या आणि डोकी खाजवली.

"खोदवानुं छे, बेन. उपरथी ऑर्डर छे."

वत्सलामावशी शिसोबासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही आभाळाकडे बोट दाखवलं. "आमलेबी वरथीनच ऑर्डर शे."

माणसांनी मुकाट्याने नमस्कार केला आणि व्हॉल्व्ह चार हात पलीकडे घेतला. तिथला रस्ता मात्र त्याच दिवशी बुजवून दिला, देवाच्या दारात घाण नको म्हणून. पाणी आता गल्लीच्या टोकापर्यंत चढतं. चौकाला अजून नाव मिळालेलं नाही.

धनश्री लग्न होऊन भेस्तानला गेली. सर अजून बातम्या बघतात, पण बारसं करताना आवाज हळू असतो. बहुतेक संध्याकाळी सुकलालभाऊंची स्कूटर गल्लीत येते. वॉर्ड ऑफिसातून परतलेले असतात, काम झालेलं नसतं, हे चेहऱ्यावरूनच कळतं. ते शिसोबाला नारळ वगैरे काही वाहत नाहीत. इकडे तिकडे बघतात, कुणी नाही असं पाहून दगडाला खांदा लावतात आणि अंगातला सगळा जोर लावून ढकलतात.

दगड हलत नाही. भाऊ हसतात, कुडता झटकतात आणि खिडकीतल्या सरांना हात करून म्हणतात, "आहे हो सर, जागेवर आहे." मग स्कूटर सुरू करून दुसऱ्या गल्लीतला खड्डा बघायला जातात.